आश्वासनाचा हिशेब मतदानाआधी मागा

प्रति,
मा. मुख्य निवडणूक आयुक्त,
भारत निवडणूक आयोग, निर्वाचन सदन, नवी दिल्ली

महोदय,


4 ऑक्टोबर 2022 रोजी आपल्या आयोगानं मान्यताप्राप्त राजकीय पक्षांना एक पत्र पाठवलं होतं. सोबत एक तक्ता होता. जाहीरनाम्यातलं आश्वासन किती लोकांना लागू होणार, त्याला किती खर्च येणार, हा पैसा कर वाढवून आणणार, दुसरा खर्च कापून आणणार की कर्ज काढून, आणि वित्तीय तुटीच्या मर्यादेवर त्याचा काय परिणाम होणार, एवढंच त्यात भरायचं होतं. अभिप्राय द्यायला 19 ऑक्टोबरपर्यंतची मुदत होती. अनेक पक्षांनी विरोध केला. त्यानंतर लोकसभेची एक निवडणूक झाली, कर्नाटक, तेलंगणा, महाराष्ट्र, दिल्ली, बिहार अशा कितीतरी विधानसभांच्या निवडणुका झाल्या. यांतल्या एकाही निवडणुकीत भरलेला तक्ता मतदारापुढे आला नाही.

तो तक्ता लागू करा, एवढीच मागणी करायला हे पत्र लिहिते आहे.

मी सहकार खात्यातली निवृत्त लेखापरीक्षक आहे. नोकरीची वर्षं गावोगावच्या विकास सोसायट्यांची दप्तरं तपासण्यात गेली. दोन लाखांचं पीककर्ज मागायला आलेल्या शेतकऱ्याकडून सोसायटी सातबारा घेते, आठ-अ घेते, इतर बँकांचा बेबाकी दाखला घेते. फेड कशातून करणार हे विचारल्याशिवाय त्याच्या हातात पैसा पडत नाही. आणि वर्षाला हजारो कोटींचा शब्द देणाऱ्या पक्षाला हा प्रश्न विचारण्याची जबाबदारी आज कोणावरही नाही. माझ्या मते ही जबाबदारी आपली आहे, आणि ती पार पाडण्यापुरते अधिकार आपल्याकडे आहेत.

महाराष्ट्राचंच उदाहरण घेते, कारण ते मी जवळून पाहिलं. 28 जून 2024 रोजी राज्याच्या अर्थसंकल्पात ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना जाहीर झाली. महिन्याला 1500 रुपये, वर्षाचा अंदाजित खर्च 46 हजार कोटी. विधानसभेचं मतदान 20 नोव्हेंबरला होतं. प्रचारात महायुतीनं 1500चे 2100 करण्याचा शब्द दिला. महाविकास आघाडीनं महालक्ष्मी योजनेत 3000 रुपये आणि बसचा मोफत प्रवास देऊ केला. शेतकऱ्यांना कर्जमाफीचा शब्द दोन्हीकडून होता.

आता साधा गुणाकार करू. लाभार्थी अडीच कोटी धरले तर 1500 रुपयांप्रमाणे वर्षाला 45 हजार कोटी लागतात. 2100 केले तर 63 हजार कोटी आणि 3000 केले तर 90 हजार कोटी. हा हिशेब सातवीतली मुलगी वहीच्या एका कोपऱ्यात करेल. पण प्रचाराच्या त्या दिवसांत ना सत्तेतल्यांनी हे आकडे मतदारापुढे मांडले, ना विरोधकांनी. वरचे 18 हजार किंवा 45 हजार कोटी कुठून येणार, कोणता खर्च थांबणार, कोणता कर वाढणार, हे तर कोणी बोललंच नाही. वर्तमानपत्रांत लेख आले, अर्थतज्ज्ञ बोलले. पण त्या बोलण्याचं बंधन कोणावर नव्हतं.

पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. मार्च 2025च्या अर्थसंकल्पात योजनेसाठी 36 हजार कोटींची तरतूद झाली आणि रक्कम 1500च राहिली. त्याच अर्थसंकल्पात महसुली तूट 45,891 कोटी दाखवली होती आणि राज्यावरचं कर्ज वर्षअखेरीस 9 लाख 32 हजार कोटींवर जाईल असा अंदाज होता. मे महिन्यात सामाजिक न्याय विभागाचे 410 कोटी आणि आदिवासी विकास विभागाचे 335 कोटी या योजनेकडे वळवले गेले, तेव्हा खुद्द सामाजिक न्याय मंत्र्यांनी उघड नाराजी व्यक्त केली. वळवलेला तो पैसा कोणाचा होता, हे मुद्दाम सांगायला हवं. अनुसूचित जाती आणि जमातींच्या उपयोजनांमधून वसतिगृहं चालतात, शिष्यवृत्त्या निघतात. एका गरीब घरातल्या आईला 1500 रुपये देताना दुसऱ्या गरीब घरातल्या मुलीच्या शिष्यवृत्तीच्या तरतुदीला हात लागणार असेल, तर दोघींनाही ते मतदानाच्या आधी कळायला हवं होतं.

या योजनेला माझा विरोध नाही, हे स्पष्ट लिहिते. स्वतःच्या नावावरच्या खात्यात आयुष्यात पहिल्यांदा पैसे जमा झालेल्या बायका मला माहीत आहेत. औषधं, मुलांची फी, किराणा दुकानातली उधारी, माहेरी जायचं तिकीट, अशा खर्चांसाठी कोणापुढे हात पसरायला न लागणं ही मोठी गोष्ट आहे. म्हणूनच नंतर जे घडलं त्याचा मला राग आहे. निवडणुकीआधी योजनेचे निकष भराभर सैल झाले. पाच एकर जमिनीची अट निघाली, वयोमर्यादा 60वरून 65 झाली, पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखला लागेनासा झाला. अर्जामागे 50 रुपयांचा भत्ता ठरवून अंगणवाडी सेविकांना अर्ज भरायला बसवलं. छाननी मात्र निवडणूक उरकल्यावर सुरू झाली. जुलै 2025मध्ये सुमारे 26 लाख लाभार्थी अपात्र आढळल्याचं सरकारनंच सांगितलं. त्यांत सरकारी कर्मचारी होत्या, पुरुषसुद्धा होते, त्यांची गय करायचं कारण नाही. पण एका घरात दोनपेक्षा जास्त अर्ज गेले, दुसऱ्या योजनेचा लाभ आधीच मिळत होता, अशा कारणांनी वगळलेल्या हजारो साध्या बायकांना फसवणूक करणाऱ्यांच्या रांगेत उभं राहावं लागलं. खर्चाचा आणि लाभार्थ्यांच्या संख्येचा हिशेब आधी जाहीर झाला असता, तर ही छाननीही आधीच करावी लागली असती.

कर्जमाफीच्या आश्वासनाबद्दल मला जास्त लिहायचं आहे, कारण ते आश्वासन पुरं होण्याआधीच नुकसान करायला लागतं.

गावातली रीत अशी आहे. हंगामात सोसायटीकडून पीककर्ज घ्यायचं, मुदत संपायच्या आत भरायचं आणि लगेच नवं उचलायचं. याला आमच्याकडे ‘नवं-जुनं करणं’ म्हणतात. अनेकदा भरायचे पैसेही चार दिवसांसाठी नातेवाइकाकडून किंवा व्यापाऱ्याकडून हातउसने आणलेले असतात. पण मुदतीत भरलं की केंद्राची व्याजसवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना मिळून तीन लाखांपर्यंतचं कर्ज बिनव्याजी पडतं. ही साखळी टिकली तर शेतकरी टिकतो, सोसायटी टिकते, जिल्हा बँकही टिकते.

निवडणुकीत ‘कर्जमाफी’ हा शब्द आला की ही साखळी तुटते. भरणारा हात आखडतो. त्याला मी दोष देत नाही. जो भरतो तो मागे राहतो, हे त्यानं दोनदा पाहिलं आहे. 2017च्या योजनेत थकबाकीदारांचं दीड लाखापर्यंतचं कर्ज माफ झालं आणि नियमित भरणाऱ्यांना जास्तीत जास्त 25 हजारांचं प्रोत्साहन मिळालं. 2019च्या योजनेत दोन लाखांपर्यंतची थकबाकी माफ झाली आणि नियमित भरणाऱ्यांना कबूल केलेले 50 हजार हातात पडायला 2022 उजाडलं. मग 2024च्या प्रचारानंतर शेतकऱ्यानं काय करायचं होतं? तो थांबला. मार्च 2025च्या अखेरीस तत्कालीन अर्थमंत्र्यांनी बारामतीत जाहीरपणे सांगितलं की राज्याची परिस्थिती पाहता 31 मार्चच्या आत पीककर्ज भरून टाका. म्हणजे चारच महिन्यांपूर्वी सत्ताधारी युतीच्या जाहीरनाम्यात असलेली गोष्ट आता परवडत नव्हती. ऑक्टोबरमध्ये नागपुरात शेतकऱ्यांचं मोठं आंदोलन झालं, तेव्हा 30 जून 2026पर्यंत निर्णय घेऊ असं सांगण्यात आलं.

या मधल्या काळात थकबाकीत गेलेल्या शेतकऱ्याला सोसायटी नवं कर्ज देत नाही. व्याजसवलत जाते आणि व्याज चढत राहतं. खरिपाच्या तोंडावर बियाणं-खतासाठी तो कृषी सेवा केंद्राच्या उधारीवर किंवा सावकाराच्या दारात जातो. तिथला दर कोणत्याही योजनेत बसत नाही. वसुली थांबल्यानं सोसायटीचं अनिष्ट तफावतीचं दुखणं वाढतं, म्हणजे तिनं बँकेला देणं असलेली रक्कम सभासदांकडून येणं असलेल्या रकमेपेक्षा जास्त होते. जिल्हा बँक पुढच्या वर्षी त्या गावासाठी हात आखडता घेते. दप्तर तपासताना ही कहाणी वसुलीच्या रकान्यात सरळ वाचता येते. निवडणुकीच्या वर्षी आकडा खाली येतो आणि पुढची काही वर्षं तो सावरत नाही. पुढे कधीतरी माफी झालीही, तरी या मधल्या काळातलं सावकाराचं व्याज कोणी माफ करत नाही.

कर्जमाफी किती रकमेची, कोणत्या तारखेच्या थकबाकीची, किती शेतकऱ्यांची, कोणत्या वर्षाच्या अर्थसंकल्पातून आणि किती हप्त्यांत, हे जाहीरनाम्यातच लिहायला लावलं असतं तर शेतकऱ्याला ठरवता आलं असतं. ‘सरसकट’ या एका शब्दावर त्याला आपला हंगाम पणाला लावावा लागला नसता.

मोठं आश्वासन पैशाच्या सोयीसकट देता येतं, हे याच महाराष्ट्रानं दाखवलं आहे. वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यातल्या विसापुरात 1965च्या सुमारास केलेल्या प्रयोगातून रोजगार हमी योजना उभी राहिली. 1972च्या दुष्काळात लाखो माणसांनी दुष्काळी कामांवर पोट भरलं. मागेल त्याला काम देण्याची हमी कायद्यात घालायची तर पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न तेव्हाच्या राज्यकर्त्यांनी टाळला नाही. 1975मध्ये व्यवसाय कर आला. शहरातल्या नोकरदाराच्या, डॉक्टर-वकिलाच्या, व्यापाऱ्याच्या कमाईतून थोडा पैसा घ्यायचा, तितकीच भर सरकारनं घालायची आणि तो रोजगार हमीच्या निधीत टाकायचा, असं ठरलं. हमीचा कायदा 1977मध्ये झाला, म्हणजे कर आधी आणि कायदा नंतर. आजही महाराष्ट्रातल्या पगारपत्रकावर महिन्याला 200 आणि फेब्रुवारीत 300 रुपये कापलेले दिसतात, त्याचं मूळ तिथे आहे. रोजगार हमीत पुढे गैरव्यवहार झाले, हजेरीपट खोटे निघाले, हे सगळं खरं आहे. पण गरिबाला दिलेल्या शब्दाची किंमत कोण मोजणार, हे सरकारनं लोकांना तोंडावर सांगितलं आणि शहरानं ती किंमत मोजली. एवढं सांगण्याची हिंमत आजच्या पक्षांनी दाखवावी, ही अपेक्षा अवास्तव आहे असं मला वाटत नाही.

आता आपल्या अधिकारांकडे येते. 5 जुलै 2013 रोजी सुब्रमण्यम बालाजी विरुद्ध तमिळनाडू राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की जाहीरनाम्यातली आश्वासनं लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 123खाली भ्रष्ट आचरण ठरत नाहीत. रंगीत टीव्ही, मिक्सर, ग्राइंडर, लॅपटॉप वाटण्याच्या आश्वासनांवरून तो वाद उभा राहिला होता. मात्र अशा खैरातीमुळे मुक्त आणि न्याय्य निवडणुकीचा पाया हलतो, हेही न्यायालयानं मान्य केलं आणि जाहीरनाम्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वं करायला आयोगाला सांगितलं. त्यानुसार 2014मध्ये आचारसंहितेत आठवा भाग आला. आश्वासनामागचं कारण आणि पैशाची तजवीज जाहीरनाम्यात ढोबळमानानं दिसावी आणि जी पुरी होऊ शकतात अशाच आश्वासनांवर मतं मागावीत, अशी अपेक्षा त्यात लिहिलेली आहे. पण ‘अपेक्षा’ इतक्यावरच ते थांबतं. ती पाळली नाही तर काय, याला उत्तर नाही. एप्रिल 2022मध्ये आयोगानं न्यायालयाला सांगितलं की जिंकलेल्या पक्षाच्या धोरणांवर आम्ही नियंत्रण ठेवू शकत नाही, ते मतदारानं ठरवायचं. पुढे सहाच महिन्यांत तो तक्ता पाठवला. या दोन भूमिकांत मला विसंगती दिसत नाही. धोरण ठरवणं आयोगाचं काम नाही, हे बरोबर आहे. पण मतदारानं ठरवायचं असेल तर त्याच्यासमोर आकडा असला पाहिजे, आणि तो ठेवायला लावणं आयोगाचंच काम आहे.

हे आपण आधी केलेलं आहे. उमेदवाराची संपत्ती, कर्ज, शिक्षण आणि त्याच्यावरचे फौजदारी खटले जाणून घेण्याचा मतदाराला हक्क आहे, असं 2002मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं आणि त्याच वर्षी जूनमध्ये आयोगानं शपथपत्राचा आदेश काढला. तेव्हाही पक्षांचा विरोध होता. तो हक्क मर्यादित करणारी दुरुस्ती संसदेनं केली आणि 2003मध्ये न्यायालयानं ती रद्द केली. आज ते शपथपत्र उमेदवारी अर्जाचा अविभाज्य भाग आहे. आयोगानं कोणाला चोर ठरवलं नाही, फक्त माहिती उघड करायला लावली. उमेदवाराच्या घरातलं सोनं किती तोळे आहे हे मला कळतं, तर त्याच्या पक्षाच्या आश्वासनाचा खर्च किती कोटी आहे हेही मला कळायला हवं. निवडणूक चिन्हांच्या 1968च्या आदेशातला परिच्छेद 16-अ आपल्याला आठवत असेलच. आचारसंहिता न पाळणाऱ्या पक्षाची मान्यता स्थगित करण्याचा किंवा काढून घेण्याचा अधिकार तिथे आहे. तो लगेच वापरा असं मी म्हणत नाही. तक्ता भरला नाही, अशी नोंद पक्षाच्या नावासमोर आपल्या संकेतस्थळावर आणि मतदान केंद्राबाहेरच्या फलकावर लागली, तरी बराच फरक पडेल.

तक्ता सत्ताधाऱ्यांनाही लागू व्हायला हवा, आणि निवडणुकीच्या तोंडावर काढलेल्या योजनांसकट. विरोधक फक्त शब्द देऊ शकतात, सत्ताधारी खात्यात पैसे टाकू शकतात. याबाबत आयोगाचे निर्णय एकसारखे नाहीत, हे खेदानं सांगावं लागतं. नोव्हेंबर 2023मध्ये तेलंगणात शेतकऱ्यांच्या ‘रयतु बंधू’ मदतीचा हप्ता द्यायला आधी दिलेली परवानगी आपण मतदानाच्या तीन दिवस आधी काढून घेतली, कारण एका मंत्र्यानं सभेत त्याचा उल्लेख केला. बिहारमध्ये 26 सप्टेंबर 2025 रोजी महिलांच्या खात्यात 10 हजार रुपये टाकायला सुरुवात झाली, 6 ऑक्टोबरला आचारसंहिता लागली आणि त्यानंतरही रकमा जमा होत राहिल्या. इकडे जानेवारी 2026मध्ये महापालिका निवडणुकांच्या वेळी आमच्या राज्य निवडणूक आयोगानं लाडक्या बहिणींचा जानेवारीचा हप्ता आगाऊ द्यायला मनाई केली. नियमित हप्ता चालेल, आगाऊ चालणार नाही, अशी स्पष्ट रेघ त्यांनी ओढली. अशी एक लेखी रेघ देशभर का असू नये?

आक्षेप मला माहीत आहेत. कल्याणकारी योजना आणि खैरात यांतला फरक कोण ठरवणार, असं विचारलं जातं. कोणीच ठरवू नये, तक्ता सगळ्याच आश्वासनांना लागू असावा. मोफत बसप्रवासाला जसा, तसाच महामार्गाला, बुलेट ट्रेनला आणि उद्योगांच्या करसवलतीलाही. गरिबाच्या 1500 रुपयांचा हिशेब मागायचा आणि बड्यांच्या सवलतींचा मागायचा नाही, हे मला मान्य नाही. विरोधी पक्षांना राज्याच्या तिजोरीची माहिती नसते, हा आक्षेप रास्त आहे. त्यावरचा उपायही आपल्याच प्रस्तावात होता. निवडणुकीआधी राज्याच्या वित्तीय स्थितीचा तपशील शासनानं ठरावीक नमुन्यात जाहीर करायचा. अंदाज चुकतील, हे तर होणारच. नेदरलँड्समध्ये 1986पासून तिथली नियोजन संस्था पक्षांच्या जाहीरनाम्यांचा आर्थिक हिशेब मांडते आणि पक्ष आपणहून त्यासाठी पुढे येतात. ऑस्ट्रेलियात संसदेचं स्वतंत्र अर्थसंकल्प कार्यालय 2012पासून हे काम करतं आणि निवडणुकीनंतर मोठ्या पक्षांच्या आश्वासनांचा एकत्र खर्च प्रसिद्ध करतं. तिथेही अंदाज चुकतात. पण किती चुकले आणि का, हे नंतर ताडून पाहता येतं. आपल्याकडे ताडून पाहायला मुळात आकडाच नसतो.

म्हणून तीन गोष्टी मागते. पुढच्या विधानसभा निवडणुकांचा कार्यक्रम जाहीर होण्याआधी 2022चा तक्ता आचारसंहितेच्या आठव्या भागात घाला आणि जाहीरनाम्यासोबत तो सादर करणं बंधनकारक करा. तो मतदारांच्या भाषेत, मराठीत, कन्नडमध्ये, बांगलामध्ये छापून मतदानाच्या किमान दहा दिवस आधी उपलब्ध करा. आचारसंहितेच्या आधीच्या सहा महिन्यांत सुरू झालेल्या आणि थेट रक्कम देणाऱ्या प्रत्येक योजनेचा हिशेब सत्ताधाऱ्यांकडून त्याच नमुन्यात घ्या.

आणि बैठक, समिती, न्यायालयाचा निकाल यांपैकी कशाचीही वाट पाहायची गरज नसलेलं एक काम आहे. ऑक्टोबर 2022मध्ये पक्षांनी आपल्याला जी लेखी उत्तरं पाठवली ती आयोगाच्या दप्तरी आहेत. हिशेब द्यायला कोणत्या पक्षानं होकार दिला, कोणी नकार दिला आणि काय कारण सांगितलं, हे आम्हां मतदारांना वाचायचं आहे. ती सगळी उत्तरं जशीच्या तशी प्रसिद्ध करावीत, ही विनंती.

आपली विश्वासू,
महाराष्ट्रातली एक मतदार